कात्रजचा घाट आणि जहाजाचा जामीन

‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लाल महालावरच्या छाप्यानंतर, १६६३ च्या एप्रिलात, बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून कात्रजच्या घाटात पेटवले, शाइस्तेखानाची फौज त्या उजेडाच्या मागे धावली आणि शिवाजी महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडाकडे निघून गेले, अशी परंपरेची हकिकत आहे. तिच्यातला कोणता तपशील खरा यावर इतिहासकारांनी वाद घातले, तरी म्हण रुजली ती रुजलीच. पुढे तिचा अर्थ शौर्यापासून व्यवहाराकडे सरकला. देणे थकवून, तोंड चुकवून निसटलेल्या माणसाने सावकाराला कात्रजचा घाट दाखवला, असे आपण म्हणू लागलो. असा घाट दाखवण्याची सगळ्यांत मोठी सोय कोणाला असेल, तर ती जहाजाला. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे आणि पोटातला माल चौथ्याच कोणाचा. एकदा नांगर उचलला आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची हद्द ओलांडली, की आपल्या न्यायालयाचा हात तिथे पोचत नाही. डिझेलचे पैसे, खलाशांचे पगार, भिजलेल्या मालाची भरपाई, टक्कर देऊन बुडवलेल्या मासेमारी बोटीची किंमत, हे सगळे त्या क्षितिजापलीकडे जाते. म्हणून सागरी कायद्याने एक वेगळीच तोड काढली. माणूस सापडत नसेल तर जहाजालाच प्रतिवादी करायचे, ते बंदरात आहे तोवर अटकवायचे आणि मालकाने दाव्याइतका जामीन भरला की सोडून द्यायचे. नंतर दावा चालतो तो त्या जामिनावर.

ही पद्धत इंग्रजांनी आणली आणि आपल्याकडे तिचा मागमूस नव्हता, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. जहाज अडवणे आपल्या किनाऱ्याला नवे नव्हते आणि वादात जामीन घेणेही आपल्या मुलखाला नवे नव्हते. पण पहिली गोष्ट कोकणपट्टीवर, समुद्रात चालत होती आणि दुसरी घाटमाथ्यावर, पुण्या-साताऱ्याच्या निवाड्यांत. दोन्हींची गाठ कधी पडली नाही. ती का पडली नाही, याचे उत्तर मला इंग्रजांच्या हुशारीत सापडत नाही. ते पुण्याच्या राजकारणात सापडते, आणि त्याचा एक धागा कात्रजच्या तलावापर्यंत येतो.

आधी समुद्राकडे पाहू. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपला कार्ताझ, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय अरबी समुद्रात कोणाचे गलबत सुखाने जाऊ देत नसत. पुढे इंग्रज कंपनी आपले पास देऊ लागली. मराठ्यांचे आरमार उभे राहिल्यावर आपल्या बाजूचे परवाने, म्हणजे दस्तक, आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कौल घेतलेल्या सावकारांच्या गलबतांना उपद्रव लागू नये, अशी ताकीद त्यात आहे. म्हणजे समुद्रावर कोणाला अडवायचे आणि कोणाला नाही, याचा नियम होता. कान्होजी आंग्रे १७२९ पर्यंत या नियमाचे सगळ्यांत समर्थ अंमलदार होते. दस्तक नसलेले तारू धरायचे, कुलाब्याच्या नाहीतर विजयदुर्गाच्या बंदरात आणायचे आणि रक्कम ठरली की सोडायचे, ही त्यांची रीत. १७१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराचे खासगी जहाज कारवारहून येताना धरले. त्यावरच्या इंग्रज विधवेची सुटका पुढच्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये घेऊन झाली आणि त्याच सुमारास कान्होजींचा कंपनीशी तह झाला. कंपनीच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही, हे त्यातले मुख्य कलम.

या तहावरून पुढे जो वाद झाला तो सागरी कायद्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. १७१७ च्या सुमारास आंग्र्यांनी ‘सक्सेस’ नावाचे जहाज धरले. ते कंपनीचा सुरतेतला दलाल गोवर्धनदास याचे होते. इंग्रज म्हणत, जहाजावर आमचा झेंडा आहे, ते आमच्या आश्रयाखाली आहे, म्हणून तह मोडला. आंग्र्यांची बाजू अशी की तह कंपनीच्या जहाजांपुरता आहे. हिंदुस्थानी व्यापाऱ्याने इंग्रजी झेंडा लावला म्हणून त्याचे जहाज कंपनीचे होत नाही आणि आमची जकातही चुकत नाही. झेंडा पाहायचा की मालक पाहायचा? आज मुंबई उच्च न्यायालयात जहाजाच्या अटकेवरून जे युक्तिवाद होतात, त्यांतला मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. कर्ज एका जहाजाचे असताना त्याच मालकाचे दुसरे जहाज अटकवता येते का, कागदोपत्री मालक एक आणि खरा मालक दुसरा असेल तर काय, भाडेपट्ट्याने जहाज चालवणाऱ्याच्या उधारीसाठी मालकाचे जहाज धरावे का, हे सगळे ‘सक्सेस’च्याच वादाचे आजचे अवतार आहेत. फरक एवढाच, पण तो निर्णायक आहे: १७१७ मध्ये हा युक्तिवाद ऐकायला तिसरा कोणी नव्हता. ज्याने जहाज धरले तोच मागणी करणारा होता, तोच निवाडा देणारा आणि खंडणीची रक्कमही त्याच्याच हाती पडत होती. दुसऱ्या बाजूला मुंबईचा गव्हर्नर तोफा घेऊन उभा होता, आणि त्याचीही गत हीच.

आता घाटावर या. पेशवाईतल्या निवाड्यांची कागदपत्रे वाचली की एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. गोतासमोर किंवा पंचायतीसमोर वाद सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामे घेत. तेव्हा राजीनामा म्हणजे ‘पंच देतील तो निवाडा आम्हांस राजी’ असे लिहून देणे; नोकरी सोडण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्याबरोबर जामीनकतबे घेत. वादी-प्रतिवादी हजर राहतील आणि निवाड्याप्रमाणे वागतील, याची जबाबदारी तिऱ्हाईत माणूस उचलत असे. मग तकरिरी, म्हणजे दोन्ही बाजूंची निवेदने, साक्षी, दाखले. शेवटी जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे जिंकल्याचा नजराणा, द्यायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. निवाडे लांबत आणि वशिलाही चाले, हे खरे. तरी निवाडा होईपर्यंत कोणी पळू नये आणि झाल्यावर कोणी नाकारू नये, यासाठी दोन्ही बाजूंना बांधून घेण्याची कल्पना पक्की होती. या चौकटीबाहेर तगादा होता. धनको माणूस नेमून ऋणकोच्या दारात बसवी, धरणे धरी, खाणेपिणे अडवी. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. आंग्र्यांनी समुद्रावर केले ते या दृष्टीने तगाद्याच्या जातीचे होते: आपले येणे आपणच, आपल्या बळावर उगवायचे. जामीनकतबा ही त्याच्यापुढची पायरी होती आणि ती आपल्याला ठाऊक होती. ती समुद्रापर्यंत पोचली नाही, एवढेच.

पोचली का नाही? कारण ज्या दरबाराने ती पोचवायची, त्या दरबाराने समुद्राकडे पाठ फिरवली. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला ओढ्यावर बांध घालून तलाव केले आणि तिथले पाणी दगडी नळाने, केवळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणले. माणूस आतून चालत जाऊ शकेल असा हा नळ, वाटेत हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास आणि पेठापेठांतून हौद. पाण्याच्या एका थेंबाची वाट किती बारकाईने आखता येते, याचा हा नमुना आहे. त्याच पेशव्याने पुढच्या पाच-सहा वर्षांत स्वतःच्या राज्याचे आरमार मोडायला इंग्रजांची मदत घेतली. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नाही, ही तक्रार खरी होती. पण उपाय कोणता केला? १७५५ च्या एप्रिलात इंग्रज कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. तिथे तोफेच्या गोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि आंग्र्यांचे आरमार खाडीत जळाले. कात्रजवरून भोर, वरंध आणि महाड करत सावित्रीच्या मुखाशी उतरले की बाणकोट लागते. ते ठाणे त्याच वर्षीच्या तहाने कायमचे इंग्रजांकडे गेले. समुद्रावर हुकूम चालवणारे स्वतःचे बळच उरले नाही, तेव्हा त्या बळाला न्यायाच्या चौकटीत बसवण्याचा प्रश्नही उरला नाही. आंग्र्यांच्या हातातले जहाज अडवण्याचे काम काढून ते छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या नावाने बसलेल्या एखाद्या बंदरी मजालशीकडे, म्हणजे न्यायसभेकडे, द्यायचे, गोवर्धनदासासारख्या व्यापाऱ्याकडून जामीनकतबा घेऊन जहाज सोडायचे आणि मग निवाडा करायचा, हे अशक्य नव्हते. सगळी सामग्री घरात होती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. इंग्रजांची अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांची, न्यायालये तरी कुठे निःपक्षपाती होती? तीही बळाचीच हत्यारे नव्हती का? सुरुवातीला बऱ्याच अंशी होती. १६८३ च्या सनदेने कंपनीला अ‍ॅडमिरल्टी न्यायालय बसवण्याचा अधिकार मिळाला. एक कायदा शिकलेला न्यायाधीश आणि त्याच्याबरोबर दोन व्यापारी, अशी रचना होती. १६८४ मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन हा न्यायाधीश मुंबईत आला. गव्हर्नर जॉन चाइल्डशी त्याचे बिनसले आणि त्याचे अधिकार काढून घेण्यात आले. विजयदुर्गाच्या वेळी तर आरमार मुंबईहून निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीचे वाटे कागदावर ठरवले होते. मराठे मोहिमेत भागीदार असूनही दहा लाखांच्या आसपासच्या त्या लुटीतला रुपयाही त्यांना मिळाला नाही. तेव्हा आंग्रे चाचे आणि इंग्रज कायदेशीर, हा जो पाढा दीड शतक शाळांतून शिकवला गेला, तो टाकून द्यायला हवा. पण म्हणून न्यायालय आणि खंडणी एकच, असेही ठरत नाही. न्यायालयात एक बीज असते जे खंडणीत नसते: जामिनाची रक्कम मागणाऱ्याच्या हाती न पडता तिऱ्हाइताकडे राहते, आणि मागणाऱ्याला आपले येणे सिद्ध करावे लागते. हे बीज १८२३ च्या सनदेने मुंबईला मिळालेल्या सर्वोच्च न्यायालयात आणि १८६२ पासून उच्च न्यायालयात हळूहळू रुजले. पूर्ण वाढायला मात्र स्वातंत्र्यानंतरही ४५ वर्षे जावी लागली.

ती का लागली, हे गोव्याच्या एका खटल्याने उघडे केले. ब्रिटिश पार्लमेंटने १८४० आणि १८६१ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅडमिरल्टी न्यायालयासाठी कायदे केले होते. १८९० च्या आणि १८९१ च्या कायद्यांनी तेच अधिकार मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन उच्च न्यायालयांना जसेच्या तसे दिले. इंग्लंडमध्ये पुढे कायदा बदलत गेला, आपल्याकडे तो त्या साली गोठला. १८६१ च्या कायद्यातले सहावे कलम मालाच्या नुकसानीचे होते आणि ते बंदरात आणलेल्या मालाविषयी बोलत होते. इंग्लंडमध्ये माल आणणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ते लिहिले होते. इथून माल पाठवणाऱ्याचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज मुरगाव बंदरातून निघाले. गोव्यात नोंदलेल्या एका कंपनीचा माल त्यावर होता. मागितलेली बिल्स ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची हक्कपत्रे, न देताच जहाज गेले. खरेदीदाराने पैसे दिले नव्हते, म्हणून माल त्याच्या हवाली करू नका, असे कळवूनही संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमाला तो हवाली केला गेला. मुरगावला कात्रजचा घाट दाखवून गेलेले हे जहाज १३ एप्रिलला विशाखापट्टणमला आले आणि तिथे अटकले. १४,२५,००० रुपयांची बँक गॅरंटी देऊन मालकांनी ते सोडवले आणि मग युक्तिवाद केला, की हा माल भारतातून बाहेर जाणारा होता, १८६१ चा कायदा आत येणाऱ्या मालाचा आहे, म्हणून न्यायालयाला अधिकारच नाही.

२६ फेब्रुवारी १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. न्या. थॉम्मेन आणि न्या. सहाय यांच्या पीठाने सांगितले, की आपली उच्च न्यायालये मूळचीच वरिष्ठ न्यायालये आहेत. १८९० च्या कायद्याने त्यांना अधिकार दिला, म्हणून तेवढाच त्यांचा अधिकार, असे नाही. परदेशी जहाज आपल्या पाण्यात आहे तोवर त्याच्यावरच्या सागरी दाव्याचा न्याय करणे हा सार्वभौम देशाच्या न्यायालयाचा सहज अधिकार आहे. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो तो कायदेपंडित त्याला देतात त्याहून थोड्या वेगळ्या कारणाने. आंग्र्यांकडे सार्वभौमत्वाचा दावा होता, न्यायालय नव्हते. इंग्रजांनी न्यायालय दिले, पण ते आपल्या सार्वभौमत्वावर उभे नव्हते. मुरगावहून निघालेल्या मालाच्या निमित्ताने दोन्ही प्रथमच एकत्र आले. २०१७ मध्ये संसदेने नावाधिकरणाचा, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीचा, स्वतंत्र कायदा केला. १ एप्रिल २०१८ पासून तो लागू झाला आणि व्हिक्टोरियाच्या काळातले ते चारही कायदे आपल्यापुरते संपले.

आज मुंबईत हे काम कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. दाव्याच्या शीर्षकात प्रतिवादी म्हणून जहाजाचे नाव असते, त्याच्या सांगाड्यासह, इंजिनांसह, दोरखंडांसह. वादी प्रतिज्ञापत्र करतो, अटकेविरुद्ध कोणी आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘आमचे ऐकल्याशिवाय हुकूम नको’ अशी नोंद, लावून ठेवले आहे का ते पाहतो, आणि अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देईन असे लिहून देतो. घाई असेल तर सुटीच्या दिवशीही न्यायमूर्ती ऐकून घेतात, कारण जहाज सोमवारची वाट पाहत नाही. हुकूम झाला की शेरीफच्या कार्यालयाचा बेलिफ लाँचने जहाजावर जातो. मूळ वॉरंट थोडा वेळ मुख्य डोलकाठीला लावायचे, मग ते काढून त्याची खरी प्रत तिथे डकवून यायचे, ही शिडाच्या जहाजांच्या काळातली रीत. डोलकाठ्या गेल्या तरी जहाजावर कागद चिकटवणे राहिले. दुसरीकडे बंदराच्या आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना कळवले जाते आणि जहाजाला निघण्याची परवानगी मिळत नाही. साखळी नाही, पहारा नाही, एका कागदाने पन्नास हजार टनांचे जहाज जागेवर राहते. मालकाने रोख रक्कम न्यायालयाच्या प्रोथोनोटरी या अधिकाऱ्याकडे भरली किंवा बँक गॅरंटी दिली की बहुधा एक-दोन दिवसांत ते सुटते. भरली नाही तर न्यायालय जहाज विकू शकते. मग विक्रीच्या पैशांतून येणेकऱ्यांना कायद्याने ठरवलेल्या क्रमाने मिळते आणि त्या क्रमात खलाशांचे वेतन सगळ्यांत वरच्यांपैकी आहे.

मालकाचे म्हणणे न ऐकता जहाज अडवणे अन्यायाचे, हा जहाजमालकांचा जुना आक्षेप. एक दिवस थांबलेल्या जहाजाचे नुकसान लाखांत जाते, हे मान्य. पण आधी नोटीस दिली तर जहाज राहत नाही, आणि चुकीच्या किंवा अवाजवी अटकेची भरपाई वादीकडून घेण्याची तरतूद नव्या कायद्याने स्पष्ट केली आहे. म्हणजे जामीन दोन्ही बाजूंचा, जुन्या जामीनकतब्यासारखा. मला अधिक टोचतो तो दुसरा आक्षेप, जो फारसे कोणी मांडत नाही. मालकाने जहाज टाकून दिले तर अटकेत जहाजाबरोबर खलाशीही अडकतात. जहाज सोडून जाता येत नाही, पगार येत नाही, पाणी आणि डिझेल संपत येते आणि किनाऱ्यावरचे दिवे रोज डोळ्यांसमोर दिसत राहतात. शेरीफमार्फत अन्नपाणी पुरवण्याचा हुकूम होतो आणि तो खर्च विक्रीच्या रकमेतून आधी वळता होतो, पण महिने जातात. ज्याचे रक्षण करण्यासाठी हा कायदा आहे, तोच त्याच्या अंमलात ओलीस राहतो. इथे न्यायालयांनी विक्रीचा हुकूम लवकर द्यायला हवा. मालकाने जामीन भरण्याची चिन्हे दिसत नसतील तर थांबण्यात कोणाचेच हित नसते, जहाजाची किंमतही गंजाबरोबर उतरत जाते.

पुण्याला हा विषय दूरचा वाटतो. पण कात्रजच्या बाह्यवळणावरून रात्रभर जे कंटेनर जातात, त्यांतले कितीतरी न्हावाशेव्याला जहाजावर चढतात. त्या मालाचे काही बिनसले तर पुण्याच्या दिवाणी न्यायालयात जहाजावर दावा लावता येत नाही. तो अधिकार फक्त किनाऱ्याकडच्या उच्च न्यायालयांना आहे आणि आपल्यासाठी ते मुंबईचे. कारखानदार वकील नेमून ते शोधून काढतो. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या घरांना मात्र ते कोणी सांगत नाही. या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर माणसे पाठवली आणि त्यांतली पुष्कळ आता कात्रज-धनकवडीच्या सोसायट्यांत राहतात. म्हणून ज्यांच्या घरातला माणूस बोटीवर आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: थकलेल्या पगाराचा हक्क थेट जहाजावर असतो, मालक बदलला तरी तो जहाजाबरोबर जातो, पण पगार देय झाल्यापासून २ वर्षांच्या आत जहाज अटकले नाही तर तो हक्क संपतो. कराराची प्रत, जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, आणि पगाराच्या नोंदी घरी ठेवा, आणि मालक ‘पुढच्या बंदरात देतो’ म्हणू लागला की पुढच्या बंदराची वाट पाहू नका.